मैदानाचे कर्ज कोणी फेडावे?

दिल्लीत यमुनेच्या जवळ इंदिरा गांधी क्रीडासंकुल आहे. त्या विस्तीर्ण संकुलात कुस्तीचे एक बंदिस्त क्रीडागृह असून त्याला खाशाबा दादासाहेब जाधव यांचे नाव देण्यात आले आहे. राजधानीत येणारा मराठी माणूस लाल किल्ला पाहतो, कुतुबमिनार पाहतो. या नावापाशी मात्र तो क्वचितच थबकतो. वास्तविक महाविद्यालयीन खेळांना पैसा कोठून मिळावा आणि तो कोणाच्या बळावर मिळावा, या आजही न सुटलेल्या प्रश्नाचे एक बोलके उत्तर त्या नावात दडलेले आहे.

कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांच्या प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. १९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली, तेव्हा संस्थान विलीन झालेले होते आणि मदतीसाठी दारोदार फिरणे खाशाबांच्या नशिबी आले. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. तीही पुरेना, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. त्या पैशावर खाशाबा हेलसिंकीस पोहोचले आणि स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील पहिले ऑलिंपिक पदक त्यांनी मिळवून दिले. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक त्यांना घेऊन गावाकडे निघाली, असे जुने लोक अभिमानाने सांगत.

येथवरची कथा पुष्कळांना ठाऊक असते. तिचा उत्तरार्ध मात्र सांगणाराच्या ओठांवर क्वचितच येतो. पदक गळ्यात पडल्यानंतर खाशाबांना गुरूच्या गहाण पडलेल्या घराची आठवण होती. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या ठेवल्या, त्या जिंकल्या आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवण्यास हातभार लावला. कुस्तीच्या फडाचा पैसा म्हणजे अखेर कोणाचा पैसा? जे मातीभोवती दाटीवाटीने बसतात, शेजारी लहान मुलाला बसवतात आणि आवडत्या मल्लाच्या नावाने आरोळी ठोकतात, त्यांचा. धाडस प्राचार्यांनी केले हे खरे. पण त्या धाडसाचे कर्ज फिटले ते प्रेक्षकांच्या खिशातून.

आज दिल्लीतील महाविद्यालयीन खेळांकडे पाहताना हाच धागा हातात धरावा असे वाटते.

पैसा येतो कोठून?

दिल्ली विद्यापीठाची स्थापना १९२२ साली झाली. आज त्याच्याशी नव्वदच्या आसपास महाविद्यालये जोडलेली आहेत. या महाविद्यालयांत खेळांवर जो पैसा खर्च होतो, त्याचे प्रवाह मुख्यतः तीन. पहिला विद्यार्थ्यांच्या शुल्काचा. प्रवेश घेताना प्रत्येक विद्यार्थी इतर शुल्कांबरोबर क्रीडाशुल्कही भरतो, मग तो पुढील तीन-चार वर्षांत मैदानावर पाऊल ठेवो वा न ठेवो. दुसरा प्रवाह शासनाचा. महाविद्यालयांना मिळणारी अनुदाने, क्रीडा मंत्रालयाच्या योजना आणि विशेषतः 'खेलो इंडिया' हा कार्यक्रम त्यात येतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या एका कार्यक्रमासाठी १००० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. त्यात निवड झालेल्या गुणी खेळाडूस वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत, आणि तेही आठ वर्षांपर्यंत साहाय्य मिळावे, अशी मूळ योजना आहे. तिसरा प्रवाह उद्योगांचा. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक नफ्याच्या वरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक खेळांचे प्रशिक्षण ही त्या कार्यात मोडणारी एक बाब आहे. त्याही आधी, १९९८ साली, देणग्यांसाठी राष्ट्रीय क्रीडा विकास निधी स्थापन झाला होता.

हे सर्व स्तुत्य आहे. प्राचार्यांनी घर गहाण ठेवावे लागू नये, यासाठीच तर ही व्यवस्था. परंतु या तिन्ही प्रवाहांत एक समान उणीव आहे. त्यांपैकी एकालाही प्रेक्षकाची गरज भासत नाही. सामना पाहायला दहा हजार माणसे आली काय आणि दहा आली काय, शुल्क तेवढेच जमते, अनुदान तेवढेच येते, कंपनीचा अहवाल तेवढाच सुबक छापला जातो. म्हणून सामना कोणी पाहावा याची चिंता महाविद्यालयात कोणाच्याच कामाच्या यादीत नसते. आणि जो पैसा कोणी पाहत नसताना येतो, तो कोणी पाहत नसताना आटतोही. एखाद्या वर्षी खेळाच्या साहित्याला कात्री लागली, प्रशिक्षकाची जागा रिकामी राहिली किंवा मैदानाचा एक कोपरा वाहनतळासाठी गेला, तर हळहळणारे कोण? संघातील पंधरा-वीस मुले. त्यांच्या पाठीशी उभे राहील असे गावच नसते.

या पंधरा-वीस मुलांचे काय पणाला लागलेले असते, तेही पाहावे. दिल्ली विद्यापीठात खेळ आणि अन्य कलागुण मिळून कमाल पाच टक्के जागा राखल्या जातात. त्या जागांवर सोनीपत, झज्जर किंवा बहादुरगडकडील खेड्यांतून आलेली मुले-मुली असतात. त्यांच्या घरी महाविद्यालयाचे तोंड पाहिलेले हे पहिलेच माणूस, असेही अनेकदा असते. पहाटे पाचला उठून सराव, नंतर वर्ग, सायंकाळी पुन्हा सराव आणि रात्री भाड्याच्या खोलीत स्वतः केलेली पोळी. या मुलांचा सामना पाहायला कोणीच येत नाही, तेव्हा त्यांच्या श्रमाला साक्षीदार उरत नाही. साक्षीदार नसलेल्या श्रमाचा कंटाळा फार लवकर येतो.

रिकाम्या पायऱ्या

नेहमी असेच होते, असे मात्र नाही. सेंट स्टीफन्स आणि हिंदू ही दिल्लीतील दोन जुनी महाविद्यालये. एकाची स्थापना १८८१ ची, दुसऱ्याची १८९९ ची. विद्यापीठाच्या उत्तर आवारात ती रस्त्याच्या दोन बाजूंना एकमेकांसमोर उभी आहेत, आणि त्यांच्यातील क्रिकेटची चुरस ही अनेक पिढ्यांच्या आठवणींची ठेव आहे. पुढे भारताकडून खेळलेले अरुणलाल व कीर्ती आझाद हे सेंट स्टीफन्सचेच विद्यार्थी.

आंतरविद्यापीठ क्रिकेटचा इतिहास तर मराठी वाचकाच्या अधिकच जवळचा. मुंबईच्या आर्देशीर दादाभाई बारिया यांनी आपला दिवंगत पुत्र रोहिंटन याच्या स्मरणार्थ एक चषक दिला. प्रांतांच्या स्पर्धेसाठी रणजी करंडक आधीच ठरलेला होता, म्हणून हा चषक १९३५ पासून विद्यापीठांच्या स्पर्धेकडे वळवण्यात आला. एका पित्याच्या दुःखातून उभी राहिलेली ती स्पर्धा पुढे देशाच्या क्रिकेटची पाठशाळा ठरली. मुंबई विद्यापीठाकडून खेळताना अजित वाडेकरांनी दिल्ली विद्यापीठाविरुद्ध ३२४ धावा केल्या. तो विक्रम काही वर्षांनी सुनील गावसकरांनी ३२७ धावा करून मोडला. त्या काळी महाविद्यालयीन सामन्याचे वृत्त वर्तमानपत्रात सविस्तर येई आणि घराघरांतील पोरे ते मोठ्याने वाचत.

मग बदलले काय? १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या वेळी रंगीत दूरदर्शन आले; पुढच्याच वर्षी भारताने विश्वचषक जिंकला; २००८ साली व्यावसायिक क्रिकेट लीग सुरू झाली; आणि आता जगातील कोणताही सामना खिशातल्या दूरध्वनीवर दिसतो. आजच्या मुलाला खेळाची आवड नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रो-कबड्डीच्या सामन्यांसाठी दिल्लीच्या त्यागराज क्रीडागृहात जमणारी मुले पाहावीत. २०२५ साली तेथेच झालेल्या अंतिम सामन्यात दिल्लीच्या संघाने पुणेरी पलटणवर मात केली, तेव्हा दिल्लीकर मुलांचा जल्लोष आणि पुणेकर मुलांची हळहळ सारखीच खरी होती. आवड आहे, पण ती घराजवळच्या मैदानावरून उठून पडद्यावर जाऊन बसली आहे. जगातील सर्वोत्तम खेळ बोटाच्या टोकाशी असताना शेजारच्या महाविद्यालयातील मध्यम प्रतीचा खेळ मुलाने का पाहावा, हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याचे उत्तर शोधल्यावाचून पुढे जाता येत नाही.

दिल्लीने पाहिलेली दोन दृश्ये

उत्तराचा मागोवा दिल्लीतच लागतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा भारतात झाली आणि भारताचे तिन्ही सामने दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाले. भारत तिन्ही सामने हरला; तरी दिल्लीच्या प्रेक्षागारात शाळकरी मुलांचा समुद्र उसळला होता. भारताच्या त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. साऱ्या देशात मिळून त्या स्पर्धेला तेरा लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले, आणि या वयोगटाच्या जागतिक स्पर्धेचा तो उच्चांक ठरला.

त्या दिवशी प्रेक्षागारात बसलेला तेरा वर्षांचा मुलगा २०२५ साली एकवीस वर्षांचा झाला. म्हणजे महाविद्यालयात जाऊन पदवीच्या उंबरठ्याशी आला. त्याने एकदा अविस्मरणीय खेळ पाहिला, घसा बसेपर्यंत ओरडला आणि बसने घरी परतला. पुढच्या शनिवारी त्याला कोणी बोलावले का? जवळच्या महाविद्यालयाच्या मैदानावर आज सामना आहे, ये, असे कोणी म्हटले का? एका दिवसाचा उत्सव माणसाला प्रेक्षक करीत नाही. प्रेक्षक होणे ही सवय आहे, आणि सवय आठवड्याने लागते.

दुसरे दृश्य अधिक जुने व अधिक आश्वासक. भारताचे पहिले भारतीय हवाईदलप्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या कल्पनेतून १९६० साली शालेय फुटबॉलची एक स्पर्धा दिल्लीत सुरू झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात टोकियो येथे त्यांचे निधन झाले, पण स्पर्धा टिकली. हवाईदलाच्या आश्रयाखाली सुब्रतो चषक म्हणून ती चालू राहिली. २०१२ पासून मुलींचाही गट सुरू झाला. दिल्ली गेटजवळच्या आंबेडकर स्टेडियमवर देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली शाळकरी मुले खेळतात, आणि त्यांना पाहायला त्यांच्याच वयाची मुले बसतात. जे वय मैदानात तेच वय पायऱ्यांवर, हे त्या स्पर्धेचे मर्म आहे. पडद्यावरील खेळाडूपर्यंत पोहोचता येत नाही. समोर खेळणारा मात्र आपल्याहून वर्षा-दोन वर्षांनीच मोठा आहे, तो खाली पडला तर त्याचे गुडघे आपल्यासारखेच खरचटतात, हे मुलाला दिसते. पडद्यापाशी हे सामर्थ्य नाही. वरील प्रश्नाचे उत्तर येथे आहे: मुलाला सर्वोत्तम खेळच लागतो असे नाही, त्याला आपला खेळाडू लागतो.

याच्या उलट अनुभवही दिल्लीने घेतला आहे. १८८८ साली सिमल्यात सुरू झालेली ड्युरँड फुटबॉल स्पर्धा १९४० साली दिल्लीत आली आणि दीर्घकाळ राजधानीच्या हिवाळ्याचा एक भाग होऊन राहिली. २०१९ पासून तिचे केंद्र कोलकात्यास गेले. स्पर्धा जाते तेव्हा तिच्याबरोबर केवळ चषक जात नाही. वडिलांचे बोट धरून सामना पाहायला जाण्याची एक चालही जाते.

कोल्हापूर आणि पुणे

मराठी मुलखात अशी चाल कोठे जिवंत आहे? फुटबॉल पाहायचा असेल तर कोल्हापूरला जावे. तेथील संघ पेठांचे आणि तालमींचे: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा. ज्या तालमीत आजोबा कुस्ती खेळले, त्याच तालमीच्या रंगाचा सदरा नातू फुटबॉलसाठी घालतो. शाहू स्टेडियमवर लोक तिकीट काढून येतात. मुले खेळाडूंना नावाने ओळखतात, कारण ते खेळाडू सकाळी त्यांच्याच गल्लीत दुधाची पिशवी घेऊन जाताना भेटतात. कधी कधी या प्रेमाचा अतिरेक होऊन समर्थकांत हाणामारीही होते आणि सामना थांबवावा लागतो. तो दोष झाकण्याचे कारण नाही. पण तेथील बाक ओस पडत नाहीत.

खेळाबाहेरचे एक उदाहरण पुण्याचे आहे. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेला भरत नाट्यमंदिर तुडुंब भरते. प्रेक्षक कोण? बहुतांशी विद्यार्थीच. आपल्या महाविद्यालयाच्या नावाने घोषणा देत ते येतात. ज्यांना आज रंगमंचावर संधी मिळाली नाही, ते उद्याच्या आशेने टाळ्या वाजवतात. नामवंत नट तेथे नसतात, भव्य नेपथ्य नसते. आपला वर्गमित्र तेथे उभा असतो, एवढेच पुरते.

कोल्हापूर आणि पुणे मिळून दिल्लीला दोन गोष्टी सांगतात. संघाला वस्ती हवी, आणि आज पाहणाऱ्याला उद्या आपणही तेथे उभे राहू असे वाटायला हवे. दिल्लीतील महाविद्यालयांना इमारती आहेत, मैदाने आहेत. विद्यापीठाच्या क्रीडासंकुलात तर २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांतील रग्बीचे सामने झाले. नाही ती वस्ती. महाविद्यालयाच्या भिंतीपलीकडे कमलानगर, मलकागंज, तिमारपूर येथे हजारो शाळकरी मुले राहतात. भिंतीच्या आत कोणता संघ खेळतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

दूरचा आरसा

महाविद्यालयीन खेळ प्रेक्षकांच्या बळावर किती मोठे होऊ शकतात, याचे टोकाचे उदाहरण अमेरिकेत दिसते. तेथे १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना झाला. आज मिशिगन विद्यापीठाच्या एका स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांहून अधिक माणसे बसतात. विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र जागा राखलेल्या असतात, लहान मुलांसाठी निराळी मंडळे असतात, आणि आजोबा नातवाला आपल्या जुन्या महाविद्यालयाची टोपी घालून घेऊन येतात. उद्याचा प्रेक्षक आजच घडवावा लागतो, हे तेथील व्यवस्थापकांना पक्के ठाऊक आहे.

परंतु त्या आरशात एक इशाराही दिसतो. दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा इतका वाढला की ज्यांच्या श्रमावर तो उभा आहे त्या विद्यार्थ्यांना वाटा का नाही, हा वाद न्यायालयात गेला. २०२५ साली झालेल्या तडजोडीने विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर इतकी होती. विद्येच्या अंगणात एवढा पैसा शिरला की विद्यार्थी कोण आणि नोकर कोण, हे ओळखणे अवघड होते. आपल्याला त्या वाटेने जायचे नाही. प्रेक्षक हवेत ते खेळाडूला विकण्यासाठी नव्हेत, त्याच्या पाठीशी उभे राहण्यासाठी.

प्रायोजकाच्या पैशाचा भरवसा किती, याचा धडा तर आपल्याकडेच मिळाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि भारतीय क्रिकेट संघाच्या गणवेशावरचे प्रमुख प्रायोजकाचे नाव पाहता पाहता उतरले. क्रिकेट संघाला दुसरा प्रायोजक मिळाला. एखाद्या महाविद्यालयाच्या हॉकी संघाला तो मिळाला असता का?

थोडक्या पैशात काय करता येईल?

येथे मोठ्या योजना सुचवण्याचा हेतू नाही. महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण विभागाला, जवळच्या शाळेला आणि चार घरांना मिळून जे सहज करता येईल, तेवढेच पाहू.

पहिली गोष्ट ठरलेल्या दिवसाची. दर महिन्याचा एखादा शनिवार महाविद्यालयाने घरच्या सामन्यासाठी राखावा आणि तो दिवस काहीही झाले तरी बदलू नये. दिल्लीच्या हवेचे भान मात्र ठेवावेच लागेल. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात हवा इतकी बिघडते की अलीकडच्या हिवाळ्यांत शाळांचे मैदानी खेळ थांबवण्याची वेळ आली आहे. म्हणून मुलांना बोलवायचे सामने फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा पावसाळा ओसरल्यावर घ्यावेत.

दुसरी गोष्ट शेजारच्या शाळेची. प्रत्येक महाविद्यालयाने चालत जाण्याच्या अंतरावरील एक-दोन शाळा आपल्या मानाव्यात. त्या शाळांतील मुलांना केवळ बाकावर बसवू नये. त्यांना कामे द्यावीत. कोणी सीमेबाहेर गेलेला चेंडू आणून द्यावा, कोणी गुणफलक बदलावा, कोणी गुणलेखकाच्या शेजारी बसून नोंद करायला शिकावे. ज्या मुलाने गुणफलकावर आकडा लावला, तो मुलगा तो सामना विसरत नाही. सामना संपल्यावर पाहुण्यांची भाषणे अर्ध्यावर आणावीत आणि तो वेळ मुलांनी खेळाडूंशी बोलण्यासाठी ठेवावा.

तिसरी गोष्ट सांगण्याची. सामन्याचे धावते वर्णन महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनीच सोप्या हिंदीत करावे. पत्रकारिता शिकणाऱ्यांनी वृत्त लिहावे, संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आकडे मांडावेत, आणि जी लहान चित्रफीत मुले एरवीही दूरध्वनीवर पाहतात ती त्यांच्या ओळखीच्या खेळाडूची असावी. पडद्याशी भांडण्याऐवजी त्याला मैदानाकडे वळणारी वाट करावी. मुलींच्या सामन्यांना हीच सारी व्यवस्था तितक्याच आस्थेने मिळाली पाहिजे. जी शाळकरी मुलगी आपल्या वस्तीतील ताईला हॉकी खेळताना पाहते, तिच्या घरी पुढचा युक्तिवाद निम्मा सोपा होतो.

चौथी गोष्ट पैशाची, आणि ती मुद्दाम शेवटी ठेवली आहे. मुलांना प्रवेश विनामूल्य असावा. मोठ्यांसाठी चहाच्या कपाएवढे तिकीट ठेवावे, आणि माजी विद्यार्थ्यांकडून वर्षाची लहानशी वर्गणी घ्यावी. यातून फार रक्कम जमणार नाही; ती अनुदानाची जागा घेऊ शकत नाही, आणि तसा आग्रहही नसावा. परंतु मैदानाच्या प्रवेशद्वाराशी एक फळा लावावा आणि त्यावर खडूने लिहावे: मागील सामन्यात इतके रुपये जमले, त्यातून गोलरक्षकाचे हातमोजे आणले, इतकी शिल्लक आहे. हातमोजे दिसताच मुले म्हणतील, हे आपले. ज्याने चहाच्या कपाएवढे पैसे दिले, तो पुढे मैदानाचा कोपरा वाहनतळाला जाऊ लागला की विचारायला येईल. अनुदान देणाऱ्या कार्यालयाला आणि देणगी देणाऱ्या कंपनीलाही भरलेले बाक हे कोणत्याही अहवालापेक्षा अधिक पटणारे कारण असते. दुकानदारांच्या जाहिराती घ्याव्यात. मात्र तंबाखू, मद्य आणि जुगार यांच्या नावाखाली मुलांना बसवू नये.

कोणी म्हणेल, अभ्यासाचे काय? स्पर्धापरीक्षांच्या या शहरात शनिवारची दुपार मैदानावर घालवणे परवडेल का? महिन्यातील एक दुपार मुलाला मागे टाकत नाही. उलट हरलेला संघ जिंकलेल्या संघाशी हात मिळवून पुन्हा सरावाला कसा लागतो, हे पाहणे हाही अभ्यासच. त्याची प्रश्नपत्रिका फक्त पुढे, आयुष्यात येते.

घरापासून सुरुवात

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद येथे आज पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. पहाडगंजची नूतन मराठी शाळा असो, गणेशोत्सव असो, नाटकाचा प्रयोग असो, आपल्या गोष्टी टिकाव्यात म्हणून वर्गणी काढण्याची आणि मुलांना हात धरून नेण्याची रीत या कुटुंबांनी परक्या शहरातही सांभाळली आहे. तीच रीत मैदानापर्यंत न्यायची आहे. मेट्रोने विश्वविद्यालय स्थानकावर उतरावे, किंवा आपल्या घराजवळचे कोणतेही महाविद्यालय गाठावे. द्वारपालाला सामना कधी आहे ते विचारावे आणि मुलाला किंवा मुलीला बरोबर न्यावे. पहिल्या खेपेस कदाचित तुम्ही दोघेच प्रेक्षक असाल. तरीही टाळ्या वाजवाव्यात. कोणीतरी पाहत आहे हे खेळणाऱ्याला चटकन कळते, आणि तो त्या दिवशी थोडा अधिक जोराने धावतो.

आणि परतताना वाट यमुनेकडून असेल, तर खाशाबांच्या नावाच्या त्या क्रीडागृहाकडे मुलाचे लक्ष वेधावे. पदकाची गोष्ट त्याला शाळेत कळेलच. आपण त्याला गहाण पडलेल्या घराची गोष्ट सांगावी, आणि ते घर सोडवायला कुस्तीच्या फडाभोवती जी माणसे बसली होती, त्यांचीही. त्या माणसांपैकी एकाचेही नाव आज कोणाला ठाऊक नाही. पण त्यांच्यात कोणी बाप आपल्या मुलाला खांद्यावर घेऊन आला असेलच.